‘परवडत नाही’ – पण कोणाला?

गेल्या दशकात भारतीय रेल्वेने आपल्या तिकिटांवर एक ओळ छापण्यास सुरुवात केली. प्रवासाला येणाऱ्या सरासरी खर्चापैकी केवळ ५७ टक्के रक्कम भाड्यातून वसूल होते, असे त्या ओळीत प्रवाशाला ऐकविण्यात आले होते. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसाने पैसे मोजून तिकीट काढले असले, तरी तो सरकारच्या उपकारावर प्रवास करीत आहे, याची जाणीव त्याला करून देण्याचा हा उद्योग होता. द्रुतगती महामार्गावरून धावणाऱ्या मोटारीच्या टोलपावतीवर अशी ओळ कधी छापली जात नाही. रस्त्यासाठी संपादन केलेली जमीन, हवेत सोडलेला धूर, अपघातातील जखमींवर सरकारी रुग्णालयात होणारा खर्च, यांपैकी किती टक्के भार मोटारमालक उचलतो, हे त्याला कोणी विचारीत नाही.

ही ओळ वाटते तितकी निरुपद्रवी नाही. तिच्यामागे एक अर्थशास्त्र उभे आहे. जी सेवा भाड्यातून आपला खर्च भागवीत नाही ती तोट्याची, आणि जी तोट्याची ती बंद करण्यास योग्य, असे ते अर्थशास्त्र सांगते. दाट वस्तीच्या शहरांत त्याचा मारा सौम्य होतो. कारण तेथील प्रवाशांच्या मतांची संख्या मोठी असते. खरा घाव बसतो तो विरळ वस्तीच्या, डोंगराळ आणि आडवळणी मुलखांवर. तेथे रेल्वे नसेल तर ‘परवडत नाही’ म्हणून ती बांधली जात नाही. असेल तर ‘परवडत नाही’ म्हणून ती मोडली जाते. समाजवादी कार्यकर्त्यांनी या शब्दाची नीट झडती घेतली पाहिजे.

रेल्वेच्या टोकापलीकडचा मुलूख

कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूड हे कागल तालुक्यातील वेदगंगेकाठचे बाजाराचे गाव. त्याच्या पूर्वेला निपाणीची तंबाखूची पेठ आहे. पश्चिमेला मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट उतरून कोकणात जाणारा रस्ता आहे. खालच्या अंगाला उसाचा सुपीक आणि गजबजलेला मुलूख, तर वरच्या अंगाला भुदरगड, राधानगरी आणि गगनबावडा या तालुक्यांतील वाड्यावस्त्या. या साऱ्या टापूत रेल्वे नाही. वरच्या वाडीतील विद्यार्थ्याला शिवाजी विद्यापीठात जायचे असो की रुग्णाला कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात न्यायचे असो, एस.टी. किंवा वडाप यांवाचून गत्यंतर नाही.

कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली. मिरजेपासूनचा सुमारे ४७ कि.मी.चा हा फाटा कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. तो बांधला गेला तेव्हा कोल्हापूर हे काही मोठे व्यापारी केंद्र नव्हते. रेल्वे आल्यावर १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसविली आणि गुळाचा व्यापार देशभर पसरला. आधी वाहतूक मोजून मग रूळ टाकायचे, असा नियम त्या वेळी लावला असता तर कोल्हापूरचा माल मिरजेपर्यंत बैलगाड्यांनीच जात राहिला असता. वाहतूक ही रेल्वेची जशी पूर्वअट असते, तशीच ती तिची निर्मितीही असते. हे सूत्र एका संस्थानाला कळले होते. स्वतंत्र भारताच्या नियोजनकारांना ते पुनःपुन्हा समजावून सांगावे लागते.

त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी रूळ कोल्हापुरातच थांबलेले आहेत. सह्याद्रीच्या पलीकडे कोकण रेल्वे आहे. हे दोन मार्ग जोडणाऱ्या कोल्हापूर–वैभववाडी या सुमारे १०७ कि.मी.च्या मार्गाचा समावेश २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात झाला. खर्चाचा अंदाज तीन हजार कोटी रुपयांहून अधिक होता. सत्कार झाले, फलक लागले; गाडी मात्र अद्याप धावलेली नाही.

विरळ वस्ती हे कारण नव्हे

वस्ती विरळ आहे म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून रेल्वे परवडत नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो वरवर तर्कशुद्ध दिसतो. परंतु वस्ती विरळ का झाली, हा प्रश्न तो कधीच विचारीत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्यात दर चौरस कि.मी.ला ५०४ माणसे राहतात. लगतच्या सिंधुदुर्गात १६३ आणि रत्नागिरीत १९७ राहतात. कोकणची जमीन गरीब हे खरे. परंतु कोकणातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेला, गावात म्हातारी माणसे आणि मनीऑर्डर उरली, हेही तितकेच खरे. राधानगरी–भुदरगडच्या डोंगरी गावांतूनही मुंबईची वाट अशीच धरली गेली. गुंतवणूक जिकडे गेली तिकडे माणसे गेली. ज्या धोरणाने मुलूख रिकामा केला, त्याच धोरणाचे पुरस्कर्ते आता त्या रिकामेपणाकडे बोट दाखवून रेल्वे नाकारतात. परिणामालाच कारण ठरविण्याचा हा प्रकार आहे.

आणि विरळ वस्ती म्हणजे प्रवासाची गरज कमी, हे गणितही चुकीचे आहे. दवाखाना, महाविद्यालय, कचेरी आणि रोजगार जितका दूर, तितका माणसाचा प्रवास लांबचा. शहरी मध्यमवर्गीयाला चालत जाऊन जे मिळते, त्यासाठी डोंगरातल्या माणसाला दिवस खर्च करावा लागतो. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या गाड्यांकडे पाहिले म्हणजे ‘विरळ’ मुलखाची प्रवासाची भूक किती मोठी आहे, हे कोणालाही समजेल.

कोकण रेल्वेचा धडा

कोकण रेल्वेची मागणी समाजवादी चळवळीच्या इतिहासाशी जोडलेली आहे. राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधी बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. पुढे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. बोगदे आणि पुलांचा हा मार्ग तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, हे त्याने सिद्ध केले.

परंतु या यशाच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करता येणार नाही. महामंडळाच्या भांडवलात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा ठरला. उरलेला मोठा पैसा रोखे काढून बाजारातून उभा करण्यात आला. म्हणजे ज्या मुलखाला सर्वांत कमी साधने मिळाली होती, त्याच्या रेल्वेवर सर्वांत महाग पैशाचे ओझे टाकण्यात आले. ते फेडण्यासाठी या मार्गावर दीर्घकाळ प्रत्यक्ष अंतरापेक्षा वाढीव अंतर धरून भाडे आकारले गेले. मुंबई–दिल्ली मार्गाचा प्रवासी जे अंतर कापतो त्याचेच भाडे देतो. कोकणातला प्रवासी न कापलेल्या अंतराचेही भाडे देत राहिला. मागासलेपणावर उपाय म्हणून आलेल्या रेल्वेने मागासलेपणाचा दंड वसूल करावा, यापरती विसंगती कोणती?

मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेला लावलेला न्याय याच्या शेजारी ठेवून पाहावा. ५०८ कि.मी.च्या त्या मार्गाचा मूळ अंदाजच १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता आणि त्यासाठी जपानकडून अवघ्या ०.१ टक्का व्याजाचे, पन्नास वर्षे मुदतीचे कर्ज घेण्यात आले. इकडे सामान्य नव्या मार्गाला गुंतवणुकीवर १४ टक्के परतावा मिळाला पाहिजे, अशी कसोटी दीर्घकाळ लावली जात होती. सुखवस्तू प्रवाशाच्या वेगासाठी ०.१ टक्का आणि डोंगरी माणसाच्या गरजेसाठी १४ टक्के! यालाच निःपक्षपाती अर्थशास्त्र म्हणावयाचे काय?

ब्रिटिश काळातील खासगी रेल्वे कंपन्यांना सरकारने ५ टक्के नफ्याची हमी दिली होती आणि तूट पडली की ती रयतेच्या करांतून भरून निघत असे. लंडनच्या भागधारकासाठी तिजोरी उघडी असताना ‘तोटा’ हा शब्द अडसर ठरला नव्हता. तो अडसर ठरतो तो गाडीत बसणाऱ्याची पाळी आली म्हणजे.

सरासरीचा सापळा

रेल्वेचा तोटा कसा काढला जातो, हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे. रूळ, पूल, सिग्नल, स्थानके यांचा खर्च बव्हंशी स्थिर असतो. दिवसाला दोन गाड्या धावल्या काय आणि दहा धावल्या काय, तो फारसा बदलत नाही. समजा, एखाद्या फाट्याचा वार्षिक खर्च १० कोटी रुपये आहे आणि त्यातील ७ कोटी स्थिर आहेत. तोटा होतो म्हणून निम्म्या गाड्या रद्द केल्या, तर वाचतात फक्त दीड कोटी. परंतु वेळेवर गाडी मिळत नाही म्हणून प्रवासी मात्र निम्म्याहून अधिक निघून जातात. दरडोई खर्च वाढतो, कागदावरचा तोटा टक्केवारीने फुगतो, आणि उरलेल्या गाड्याही रद्द करण्यास नवे कारण मिळते. रोग्याचे रक्त काढावयाचे आणि तो अशक्त झाला म्हणून आणखी रक्त काढावयाचे, अशी ही चिकित्सा आहे.

करोनाच्या साथीनंतर देशाने हेच अनुभवले. साध्या पॅसेंजर गाड्यांना ‘विशेष’ आणि ‘एक्स्प्रेस’ अशी बिरुदे लावून किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये करण्यात आले. अनेक छोट्या स्थानकांवरील थांबे गेले. किमान भाडे पुन्हा १० रुपयांवर आले ते २०२४ च्या फेब्रुवारीत. मधल्या वर्षांत जो मजूर, जो विद्यार्थी, जी भाजीवाली वडापकडे वळली, ती सर्व परत आली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रवासी नाहीत, असा अहवाल मग कोणीही लिहू शकतो.

दुसरी चूक जाळ्याची आहे. फाट्यावरचा प्रवासी फाट्यावरच थांबत नाही. तो पुढे मुख्य मार्गावर शेकडो कि.मी. जातो. ब्रिटनमध्ये १९६३ साली डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने २,३६३ स्थानके आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली. फाटे बंद झाले तरी लोक जवळच्या मोठ्या स्थानकावर येऊन गाडी धरतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक लोक रेल्वेच सोडून गेले. अपेक्षित बचत झाली नाही. त्या वेळचे परिवहनमंत्री मार्पल्स हे स्वतः रस्तेबांधणीच्या कंपनीचे भागीदार राहिलेले होते, हा तपशीलही विसरण्याजोगा नाही.

या कथेत समाजवाद्यांनाही एक कटू धडा आहे. बीचिंगच्या कुऱ्हाडीविरुद्ध बोलून १९६४ साली मजूर पक्ष सत्तेवर आला आणि सत्तेवर आल्यावर मार्ग बंद करीत राहिला. एडिंबरोहून दक्षिणेच्या विरळ सरहद्दी मुलखात जाणारा मार्ग १९६९ च्या जानेवारीत बंद झाला, तो मजूर सरकारच्याच काळात. त्यातील काही भाग २०१५ साली नव्याने बांधून सुरू करावा लागला. मोडणे स्वस्त असते, पुन्हा बांधणे महाग असते. मात्र त्याच मजूर सरकारने १९६८ च्या परिवहन कायद्यात एक मौलिक तत्त्व मान्य केले. जो मार्ग समाजाला आवश्यक आहे पण भाड्यावर चालू शकत नाही, त्याला सरकारने उघड अनुदान द्यावे, असे ते तत्त्व. हा भाग घेण्यासारखा आहे.

बार्शी, शकुंतला आणि जलदूत

महाराष्ट्राच्या अनुभवातूनही हेच निष्पन्न होते. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद मापाची, हलक्या रुळांची होती. थोड्या वाहतुकीला थोड्या खर्चाची रेल्वे, हा तिच्यामागचा विचार. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचली. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. अरुंद आहे, मंद आहे, म्हणून ती मोडीत काढली गेली नाही. तिचे रुंदीकरण झाले. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन ‘जलदूत’ गाडी पंढरपूर–कुर्डुवाडीमार्गे, म्हणजे याच मार्गाने लातूरला गेली. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी पोहोचले. या मार्गाचा ‘परतावा’ काढताना ते पाणी कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

उलट उदाहरण विदर्भातले. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी अरुंद मापाची ‘शकुंतला’ एका खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. १९५१ साली रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण व पुनर्रचना होऊनही तिचा प्रश्न सुटला नाही. मालक एकीकडे, चालविणारे दुसरीकडे, आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाचीच नाही. गेल्या दशकात गाड्या बंद पडल्या. बार्शी आणि शकुंतला यांच्या नशिबात जो फरक पडला, तो प्रवाशांच्या संख्येने पाडलेला नाही. सार्वजनिक मालकीने आणि सार्वजनिक गुंतवणुकीने पाडला आहे.

एका आक्षेपाचे उत्तर

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. जेथे दिवसाला काही शेच माणसे जाणार, तेथे रुळांवर कोट्यवधी रुपये घालण्यापेक्षा बस चालविणे स्वस्त नाही काय? याचे प्रामाणिक उत्तर ‘अनेक ठिकाणी, होय’ असेच आहे. रेल्वे हे भरगच्च वाहतुकीचे आणि लांब पल्ल्याचे साधन आहे. भुदरगडच्या प्रत्येक खोऱ्यात आगगाडी नेण्याची घोषणा करणे म्हणजे जनतेची फसवणूक होय. मुरगूडच्या दारात उद्या रेल्वे येईल, असे सांगणारा पुढारी कोणत्याही पक्षाचा असो, तो मते मागत आहे, वाहतूक देत नाही. सर्वेक्षणाचे आदेश निघणे आणि रूळ पडणे यांत एका पिढीचे अंतर असते. अहमदनगर–बीड–परळी मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. बीडला गाडी पोहोचण्यास २०२५ उजाडले. वडसा–गडचिरोली हा अवघ्या ५२ कि.मी.चा मार्ग २०११-१२ मध्ये मंजूर झाला आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळत राहिला. गडचिरोलीत तर दर चौरस कि.मी.ला ७४ च माणसे राहतात. तेथे रेंगाळल्याची किंमत सर्वांत जबर.

परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांना उलट विचारले पाहिजे: रेल्वेऐवजी बस म्हणता, ती बस तरी आहे कोठे? १९४८ साली सुरू झालेली एस.टी. हीच डोंगरी महाराष्ट्राची खरी रेल्वे आहे. रेल्वे परवडत नाही म्हणून बसकडे पाठविणारेच, बस परवडत नाही म्हणून फेरी रद्द करतात. २०२१-२२ च्या दीर्घ संपात कर्मचारी आपले हक्क मागत होते तेव्हाही उत्तर एकच होते, महामंडळ तोट्यात आहे. ज्याला ‘स्वस्त पर्याय’ हवा आहे, त्याने तो पर्याय आधी उभा करून दाखवावा.

एका गोष्टीत एस.टी.ने मार्ग दाखविला आहे. २०२३ च्या मार्चपासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला आणि त्या सवलतीची भरपाई राज्य सरकारने करावयाची, असे ठरले. ती वेळेवर होते की नाही यावर भांडण जरूर करावे; पण समाजाने ठरविलेल्या सेवेची किंमत समाजाच्या तिजोरीतून यावी, हे तत्त्व मान्य झाले. रेल्वेत हे होत नाही. तेथे प्रवासी गाड्यांची तूट मालवाहतुकीच्या नफ्यातून भरली जाते. कोळशाचे भाडे त्यामुळे चढे राहते आणि ते शेवटी विजेच्या बिलातून गरिबाकडूनच वसूल होते. ही छुपी पद्धत समाजवादी नव्हे. त्यातून फक्त ‘प्रवासी हा ओझे आहे’ असे चित्र तयार होते. रेल्वेचे स्वतंत्र अंदाजपत्रक २०१७ पासून सर्वसाधारण अंदाजपत्रकात विलीन झाले. थैली एक झाल्यावर फाट्याफाट्याचा तोटा वेगळा काढून मिरविण्याचे प्रयोजन उरत नाही.

मागणी काय असावी?

यावरून कार्यकर्त्यांच्या मागण्या स्पष्ट होतात. पहिली, विरळ वस्तीच्या मुलखातील आवश्यक मार्गांची जाहीर यादी करून त्यांना केंद्र व राज्याच्या अंदाजपत्रकातून उघड अनुदान द्यावे आणि त्याबदल्यात किमान फेऱ्या, भाडे व वक्तशीरपणा यांच्या अटी रेल्वेवर बंधनकारक कराव्यात. दुसरी, कोल्हापूर–वैभववाडीसारख्या मंजूर मार्गासाठी वर्षवार रक्कम आणि पूर्ततेची तारीख जाहीर करावी. ती नसेल तर मंजुरीचे सोहळे बंद करावेत. तिसरी, जेथे वाहतूक थोडी तेथे कमी डब्यांच्या, कमी खर्चाच्या आणि अधिक फेऱ्यांच्या गाड्या चालवाव्यात. चौथी, आणि मुरगूडसारख्या गावांच्या दृष्टीने सर्वांत तातडीची: कोल्हापूरला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळांशी एस.टी.च्या फेऱ्या जोडाव्यात आणि मुदाळ तिट्ट्यासारख्या नाक्यावर डोंगरातील फेरी व कोल्हापूरची फेरी यांची वेळ जुळवावी. यासाठी बोगदा खणावा लागत नाही. वेळापत्रक करणाऱ्या दोन खात्यांना एका टेबलाशी बसवावे लागते.

या चौथ्या मागणीसाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. कोणत्या वाडीतून किती विद्यार्थी जातात, कोणती फेरी कधी रद्द झाली, शेवटची बस चुकली तर वडापला किती पैसे पडतात, याच्या नोंदी तालुक्यातील कार्यकर्ते महिनाभरात करू शकतात. त्या नोंदी घेऊन आगार व्यवस्थापकाकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे आणि रेल्वेच्या विभागीय कार्यालयात गेले पाहिजे. ‘परवडत नाही’ असे तेथे सांगण्यात येईलच. तेव्हा, एस.टी. चुकल्यामुळे ज्या मुलीचे महाविद्यालय सुटले तिचे नुकसान कोणत्या खात्यावर मांडले आहे, ते दाखवा, असे विचारले पाहिजे. आणि तो रकाना जमाखर्चात उघडला जाईपर्यंत टेबलासमोरून उठता कामा नये.